रबरातून पार जाणारं पाणी आणि वामनराव

आधी माझी तक्रार. या गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला निरोप पाठवला की आजी, वामनरावांच्या साठीचा शुभ प्रसंग आहे, मरणाचं काही लिहू नका, त्यांच्या स्वभावातला गोडवा लिहा. वामनरावांच्या स्वभावात गोडवा नाही. असता तर ते आज त्या रंगाच्या कारखान्यात मोठे साहेब असते आणि तुमचा ग्रंथ दुप्पट जाड निघाला असता. मरण काढून टाकलं तर त्यांचा-माझा परिचयच उरत नाही. माझा मुलगा शंकर त्या कारखान्यापायी गेला, म्हणून ते माझ्या दारात आले. शंकरचा मुलगा सुरेश तेव्हा पाळण्यात होता. तो आता बापाच्याच शेडमध्ये कामाला लागतो आहे, आणि त्याच्या हातात दिलेत बापाला दिले होते तसलेच रबरी मोजे. म्हणून लिहिते. आता नमस्कार.

आम्ही तांडापेठेतले विणकर. माग बसले तशी पोरं रंगाच्या कारखान्यात गेली. आमच्या लोकांना चुना माहीत, कॉस्टिक माहीत. जे भाजतं त्याला भ्यायचं, जे भाजत नाही ते पाणी, एवढीच आमची अक्कल. त्या शेडमध्ये एक पिंप असे. त्यातल्या औषधाला पोरं 'क्लोरो' म्हणत. पूर्ण नाव इथिलीन क्लोरोहायड्रिन. हे नाव वामनरावांनी माझ्याकडून घोकून घेतलं, मी शाळेत चौथीच्या पुढे गेलेली नसताना. दिसायला पाणी, पाण्यात पाण्यासारखं मिसळणारं, वास हलका आणि गोडसर. रंग बनवायला ते लागे, आणि यंत्राच्या रुळांवर बसलेला चिकट थर पुसायलाही. रुळावरचा रंग निघतो तर हातावरचा काहून निघणार नाही, असं पोरांच्या डोक्यात आलं.

माझ्या मुलीचं, सुमनचं, दुसऱ्या दिवशी साक्षगंध होतं. उमरेडचे पाहुणे येणार. त्यांना निळ्या हातांनी पान कसं द्यायचं? शंकर पाळी संपवून आला तो हात पुढे करूनच.

"माय, पाह्य. बाबूचे हात!"

नखांत बसलेली निळाई खरंच गेली होती. चहा प्यायला. मग डोकं धरून बसला, मग ओकला. पाय अडखळू लागले, जीभ जड झाली. शेजारच्या गणपतनं त्याला खाटेवर घालताना म्हटलं, "बहिणीची सोयरीक उद्या, अन् हा आजच ढोसून आला गा!" दवाखान्यात नेईपर्यंत श्वास तुटत चालला होता. दिवेलागणीला संपलं.

सकाळी कारखान्याचा माणूस समाचाराला आला आणि अंगणात चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पिणं वाईट, बाई." दुपारपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात तेच झालं.

त्यानंतर वामनराव आले. हा आमचा पहिला परिचय. सायकल भिंतीला टेकवली, सांत्वनाचा एक शब्द काढला नाही, आणि विचारलं, "शंकरने काल हात कशाने धुतले?"

मी म्हटलं, "मेल्या माणसाचे हात काय विचारता? तुम्ही कोण जी?"

"शेडचा केमिस्ट. मोजे मीच वाटले."

"मंग?"

"ते औषध कातडीतून आत जातं. भाजत नाही, खाजत नाही, म्हणून कळत नाही. काही तासांनी माणूस प्यायल्यासारखा दिसतो. त्याला उतारा नाही. रबरातूनही ते पार जातं. हे मला माहीत असायला हवं होतं. मी वाचलं नव्हतं."

मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. मी त्यांना माफ केलं असंही या ग्रंथात कोणी लिहू नये. माफीचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. पण माझ्या दारात येऊन दारूचं नाव न काढणारे ते पहिलेच.

चौकशीत कारखान्याला दारूच दाखवायची होती. वामनरावांनी अधिकाऱ्यासमोर, मालकाच्या तोंडावर सगळं सांगितलं, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून केली. मालकाचं काम त्यानं सोपंच झालं. चूक कबूल करता ना, मग घरी जा. वामनराव गेले, पिंप राहिलं.

तिकडे उमरेडहून निरोप आला की भाऊ दारूत मेला, त्या घरची मुलगी नको. वामनरावांना कळलं तसे ते एसटीनं निघाले. मी सोबत होते. मुलाच्या बापानं विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण होता?"

"कोणी नाही. मुलीच्या भावाच्या हातात मोजे मी घातले."

मग पिंपापासून खाटेपर्यंत सगळं सांगितलं. आतून बापाची म्हातारी माय ओरडली, "स्वतःवर आळ घ्याले कोणी इतक्या दूर येते काय गा? चहा ठेवा वं कोणी!" लग्न झालं. सुमनचा संसार बरा आहे. नवरा थोडा बावळट निघाला, त्यात वामनरावांचा दोष नाही.

पुढे ते शाळेत शिकवू लागले आणि रविवारी आमच्या गल्ल्यांतून फिरू लागले. चौकात, उघड्या हवेत, लांब चिमट्यानं धरून ते रबरी मोज्यात थोडं क्लोरो ओतत, तोंड बांधून टांगत, आणि मोज्याच्या बोटाला बाहेरून सिनेमाच्या जुन्या पट्टीचा तुकडा गुंडाळत. मोजा कुठेही फाटलेला नसे. थोड्या वेळानं रबरातून झिरपलेल्या क्लोरोनं पट्टी मऊ पडून बोटाला चिकटलेली दिसे. आमची यमुनाबाई म्हणाली, "अवं माय, हा मोजा होय का चाळणी!" सगळे हसले. वामनराव हसले नाहीत. अंगावर उडालं तर कपडे लगेच काढा, भरपूर पाणी ओता, भिजलेली चिंधी चुलीत घालू नका, तिचा धूरही मारतो, हेच ते दर वेळी सांगत. पोट्ट्यांनी त्यांचं नाव 'क्लोरोवाले मास्तर' पाडलं. शंभरदा ऐकलं तरी सणाच्या आदल्या दिवशी हात गोरे करायचा मोह काही सुटला नाही.

मधल्या काळात त्या शेडमधून आणखी एक माणूस तसाच गेला. तो खरोखरच पिणारा होता, त्यामुळे कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही. वामनराव त्याही घरी गेले. त्या बायकोनं त्यांना हाकलून दिलं. ते पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले.

सुरेशला मी नको म्हटलं. तो म्हणाला, "आजी, मंग खाऊ काय? मागावर बसू?" मी त्याला वामनरावांकडे घेऊन गेले. वामनरावांनी त्याला समोर बसवून दुसऱ्या जातीचे जाड मोजे मागायला सांगितलं. त्यानं मागितले. मुकादम म्हणाला, "नवाबाचा नातू आहे का रे तू?"

वामनराव, तुम्ही पुष्कळ जगा. गुडघे, डोळे, छाती धड राहून जगा, सायकल चालवता येईल असं जगा. मी हे मायेनं म्हणत नाही. तुमच्यानंतर हे सांगत फिरणारा मला कोणी दिसत नाही, आणि माझा नातू अजून वीस वर्षांचाही नाही.

आता मंडळींना शेवटचं. समारंभाला त्या कारखान्याचे आताचे मॅनेजर येणार आहेत, पहिल्या रांगेत बसणार आहेत, असं कळलं. हार-तुरे झाल्यावर वामनरावांना बोलायला उभं करू नका. ते आजवर पुष्कळ बोलले, त्यांना बसू द्या. मॅनेजर साहेबांना उभं करा. ते पिंप आज शेडमध्ये कुठे ठेवलं आहे, पोरं हात कशानं धुतात, आणि सुरेशच्या हातात रबर कोणाच्या हुकमानं घातलं, हे सगळं त्यांनी माईकवर सांगायचं. मी समोर बसलेली असेन. दुसऱ्या कोणी मध्ये बोलायचं नाही.