दोन पॉइंट शून्य पाच

‘‘अडीच लिहून दाखव,’’ डॉक्टर म्हणाले आणि खिशातला पेन माझ्यासमोर धरला.

नागपुरात धंतोलीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मी आया आहे. बारा वर्षं झाली. त्या दिवशी वॉर्डाच्या मधोमध उभी होते. समोर डॉक्टर, बाजूला सिस्टर, पलंगावर बाळंतीण आणि तिची सासू. महाल भागातलं दुकानदार घर. अडीच किलो डाळ मी नुसत्या हातानं तोलून सांगू शकते. पण आकड्यात कशी लिहायची? अर्धा म्हणजे दोनातला एक भाग, एवढं माहीत होतं. म्हणून दोनच्या पुढे पॉइंट दिला आणि पुन्हा दोन काढला. २.२.

डॉक्टर हसले. सिस्टर हसली. सासू हसली नाही. तिनं विचारलं, ‘‘आडनाव काय तुझं?’’

मी सांगितलं.

‘‘तरीच,’’ ती म्हणाली आणि बाळाचं दुपटं माझ्या बाजूनं ओढून घेतलं.

डॉक्टरांनी पेन परत खिशात ठेवला. सिस्टरला म्हणाले, ‘‘यांच्या हातात आकडे देऊ नका. फडकं द्या.’’

झालं असं होतं. त्याच्या चार दिवस आधी, सकाळी ते बाळ जन्मलं. आमच्याकडची रीत अशी, की बाळ काट्यावर मी ठेवायचं, आकडा मी ओरडून सांगायचा आणि सिस्टरनं तिथूनच रजिस्टरात लिहायचं. तिनं उठून पाहायचं, असा नियम आहे. ती कधी उठत नाही. काट्यावर २.०५ होतं. मी ओरडले, दोन पॉइंट पाच. मधलं शून्य सोडून दिलं. शून्य म्हणजे काही नाही, मग बोलायचं कशाला? सिस्टरनं लिहिलं २.५. म्हणजे अडीच किलो, बाळ चांगलं. त्याला काचेच्या पेटीत न ठेवता आईजवळ दिलं. संध्याकाळपर्यंत ते गार पडलं, तळपाय निळे झाले. मग पळापळ. बाळ वाचलं, ते त्याचं नशीब.

चूक माझीच होती. ती मी नाकारत नाही. पण सिस्टरला कोणी विचारलं नाही, की तू का पाहिलं नाहीस. तिला कोणी आडनाव विचारलं नाही.

मी कामठीची. बाप लूमवर होता. चौथीनंतर मला घरी सुताच्या कांड्या भरायला बसवलं. पॉइंटचे आकडे पाचवीत येतात म्हणे. माझी गाडी एक स्टेशन आधीच थांबली. पण बारा वर्षं यांनी माझ्याकडून आकडे वाचून घेतले आणि एकीनंही सांगितलं नाही, की बाई, हे असं वाचायचं. दोन मिनिटांचं काम होतं. मला तर वाटतं, मी आंधळी असलेलीच त्यांना बरी होती.

मग मीच शिकले. वस्तीतल्या किराणा दुकानात इलेक्ट्रिक काटा आहे. अर्धा किलो डाळ मागितली, काट्यावर आलं ०.५००. पाव किलो साखर, ०.२५०. शेवटची शून्यं सोडली तर .५ आणि .२५, आणि पंचवीस पाचापेक्षा मोठा, असं मी आजवर समजत होते. पण पाव अर्ध्यापेक्षा लहान असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मग पन्नास ग्रॅम मोहरी मागितली. ०.०५०.

दुकानवाली म्हणाली, ‘‘काहून वं, काट्याकडं काय पाहून राहिली? मी मापात पाप नाही करत.’’

मी पाहत होते ते शून्य. तोच पाच. पॉइंटला लागून आला की अर्धा किलो डाळ, मध्ये शून्य आलं की मूठभर मोहरी. त्या बाळाच्या अंगावरचा एवढा सगळा फरक मी त्या सकाळी गिळून टाकला होता. दुकानातच मला रडू आलं.

घरी रोज लिहीत बसले. सव्वा, दीड, पावणेदोन. १.२५, १.५, १.७५. आकडे वाचता यायला लागले, आणि मग माझा कशावरच विश्वास राहिला नाही. दवाखान्यात टेबल पुसायचं काम माझंच. फडकं दिलं होतं ना? फडकं फिरवता फिरवता रजिस्टर उघडलं. त्या बाळाच्या ओळीपुढे लिहिलं होतं, ‘आयाची चूक’. आणि माझ्याकडून आकडे काढून घेतल्यानंतरची पानं? २.५. २.५. ३. २.५. २.५. नागपुरातली सगळी बाळं मोजून-मापून अडीच किलोचीच जन्माला यायला लागली होती. सिस्टर काट्याकडे बघतही नव्हती.

परवा पुन्हा तीच सिस्टर, तोच काटा. बाळ मी ठेवलं. तिनं खुर्चीतूनच विचारलं, ‘‘मावशी, किती?’’

मी म्हटलं, ‘‘मले आकडे सांगाची मनाई हाय. तुम्ही या अन् पाहा.’’

‘‘नाटक नको करू. अडीच लिहिते.’’

‘‘दोन पॉइंट एक आठ हाय. अडीच लिवलं, तर बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या बापाले मी आत्ताच जाऊन सांगतो.’’

ती उठली. पाहिलं. २.१८ लिहिलं. बाळ पेटीत गेलं.

दुपारी तिनं माझ्यासाठी चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी घेतला नाही. तो चहा माझं तोंड बंद ठेवायला होता, ते मला कळतं. उद्या कामावरून काढतीलही.

काढोत. तोवर माझ्या कमरेला एक लहान वही आहे. प्रत्येक बाळाचं वजन मी तिच्यात लिहिते आणि त्याच्या आईला वाचून दाखवते. आता कोणी आडनाव विचारलं, तर आडनाव सांगते आणि वजनही सांगते. दोन्ही मोठ्यानं, शून्य न गाळता.