सलमाची रेघ

"सुनीताताई, आपा गेली…" उदगीरहून इम्रानचा फोन आला, तेव्हा मी कॉम्प्युटरसमोरच बसले होते. इम्रान म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, सलमाचा, धाकटा भाऊ. किडनीच्या दुखण्यानं ती नांदेडच्या दवाखान्यात होती, हे मला ठाऊक होतं. जाईन जाईन म्हणत मी भेटायला गेले नव्हते. का गेले नाही, ते दीड महिन्यानंतर आज लिहिते आहे.

लातूरला बारावीच्या क्लासेसची नुकतीच लाट आली होती, त्या वर्षी आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. दोघींनाही डॉक्टर व्हायचं होतं. दोघींचेही मार्क कमी पडले. पुढं बीएस्सी करून एकाच संशोधन प्रकल्पात लागलो. लातूर भागातल्या भूकंपात ढिगाऱ्याखालून वाचलेल्या माणसांचे एमआरआय काढले होते. आठवणी साठवायला लागणारा मेंदूतला एक लहानसा भाग, हिप्पोकॅम्पस, त्यांच्यात आक्रसला आहे का, हे मोजायचं होतं. पडद्यावर मेंदूचे पातळ काप दिसत. प्रत्येक कापावर त्या भागाभोवती माउसनं रेघ मारायची. सगळे काप मिळून त्याचं आकारमान निघे. एकाच मेंदूवर दोघींनी, एकमेकींचं न बघता, रेघा मारायच्या. नाव कुणाचंच नाही, फक्त नंबर. मी दिवसाला तीन मेंदू उरकायची, सलमाचा एक होई. "माणूस हाय गं त्यात," म्हणायची.

एका दुपारी तिनं मला हाक मारली. पडद्यावरच्या कवटीला डावीकडं खोक होती. "सुने, हे अब्बा हायेत." तिचे अब्बा शिवणकामासाठी त्या भागात गेले असताना भूकंपात त्यांच्या डोक्यावर तुळई पडली होती, तेव्हापासून ते विसरत चालले होते. तिची रेघ मारून झाली होती, आणि त्याच मेंदूच्या माझ्या आकड्यापेक्षा तिचा आकडा बराच मोठा आला होता.

"ओळखलंस म्हणून वाढवून मारलीस का?" मी विचारलं.

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "तुला असं वाटून राहिलं?"

मी वरिष्ठांना सांगितलं. ओळखीच्या माणसाचा मेंदू मोजायचा नाही, असा नियमच होता… पण खरं सांगायचं तर, तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे, हेही मला सलत होतं. तिला काढून टाकलं. ती नांदेडला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागली. महिनाभरानं तो मेंदू तिसऱ्या माणसाकडून मोजून घेतला. आकडा सलमाच्या आकड्याला येऊन भिडला. मागच्या टोकाचा भाग घाईत मीच सोडून दिला होता.

हे मी तिला कळवलं नाही. आज लाज वाटली, उद्या सांगू म्हटलं, आणि वर्षं गेली… आता कुणाला सांगू?

गेल्या आठवड्यात उदगीरला गेले. इम्राननं मला सलमाच्या खोलीत नेलं. अब्बा तिच्या खाटेवर बसले होते. मी त्यांचे पाय धरले. "अब्बा, सलमाचं बरोबर होतं. चूक माझी होती."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग तिला बोल की, बेटा. येऊनच राहिली ती."

इम्राननं तोंड फिरवलं. मी अब्बांच्या शेजारी बसले. दाराबाहेर पावलं वाजली की ते मान वर करत… आणि मीही.