पुढचं डावं चाक

मी गाडी शिकले ती पन्नाशीच्या तोंडावर. शाळेत पोरांना शिस्त लावण्यात उभा जन्म गेला, पण क्लच सोडताना माझेच पाय लटपटायचे. तरी नेट धरला. आई गंगापूरला एकटी राहते आणि दर रविवारी तिच्याकडे जायला मला कुणाची मनधरणी करायची नव्हती. घरातली जुनी गाडी अशी माझी झाली.

मागच्या हिवाळ्यात ती जड चालायला लागली. वाळूज ओलांडलं की कितीही रेस द्या, उचल म्हणून घेईना. शिवाय डावीकडे ओढायची. गंगापुरात उतरलं की जळका वास. घरी सांगितलं तर आमच्या ह्यांनी पेपरातून मानही वर न काढता निकाल देऊन टाकला, "हँडब्रेक ओढलेला ठेवून चालवत असशील."

हे वाईट नाहीत. पण त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मोबाइलवर व्हिडिओ बघून ह्यांनी स्वतःच्या हातानं ब्रेकचे पॅड बदलले, आणि तेव्हापासून कॉलनीत कुणाचंही बॉनेट उघडलं की हे तिथं हजर. स्वतः फिरतात मात्र स्कूटरवर.

मी हँडब्रेक तीनतीनदा तपासायला लागले. छावणीतल्या घरून निघताना एकदा, वाळूजला एकदा. चालत्या गाडीत दांडा खाली दाबून मोठ्यानं म्हणायचे, "खाली आहे, खाली आहे." वास तसाच. मग एका रविवारी संध्याकाळी ह्यांनी किल्ली आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. "आता एसटीनं जात जा. उगाच कशाला विषाची परीक्षा?" फार लागलं मला ते. आणि त्याहून वाईट म्हणजे, पटायलाही लागलं होतं. माझा माझ्या हातावरच भरवसा राहिला नव्हता.

शनिवारी हे चादरी आणायला गुलमंडीत गेले. खुंटीवरच्या शर्टातून मी चोरासारखी किल्ली काढली आणि पडेगाव गाठलं. तिथं रस्त्याकडेच्या लिंबाखाली एक म्हातारे मिस्त्री बसतात. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. शेजारी बसले आणि मला दौलताबादपर्यंत गाडी चालवायला लावली. परत आल्यावर आपल्या प्यायच्या बाटलीतलं थोडं थोडं पाणी एकेका चाकाच्या मधोमध शिंपडलं. तीन चाकं नुसती ओली झाली. पुढच्या डाव्या चाकावर तापल्या तव्यावर पडावं तसं पाणी चर्र झालं.

मी लगेच गुन्हा कबूल केला. "चाचा, माझीच चूक. हँडब्रेक राहत असेल."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, तुमच्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. पुढच्याचा काय ताल्लुक? लावा हात मागं."

मी मागच्या चाकाला हात लावला. कोमट. दुसऱ्याला लावला. तेही कोमट. गरज नसताना बराच वेळ तिथंच हात ठेवून उकिडवी बसले. रडू आलं असतं, पण रस्त्यावर माणसं होती.

मिस्त्रींनी जॅक लावला. पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी हलेना. मग आतल्या बाजूचा एक बारका नट सैल केला. ब्रेकचं तेल चिळकांडीसारखं उडालं आणि चाक एकदम मोकळं फिरलं. "पाईप आतून गेलाय," ते म्हणाले. "पाय दाबला की तेल जातंय, माघारी यायला रस्ता नाय. मग ब्रेक धरूनच बसतो." रबरी पाईपचं टोक वाकवून त्यांनी मला चीर दाखवली. "पॅड कुणी बदलले? पॅड धरतो तो कॅलिपर लई वजनी असतो. आम्ही तारेनं वर बांधतो. इथं कुणीतरी पाईपलाच लटकता सोडलेला दिसतोय."

कुणी ते मला ठाऊक होतं. पॅड बदलले त्या दिवशी ते लोखंडी धूड पाईपला लोंबकळत होतं, हे आत पंख्याखाली बसले होते आणि मी ह्यांना दुसऱ्यांदा पोहे वाढत होते.

नवा पाईप टाकून घरी येईपर्यंत मी इतकी वाक्यं तयार केली की एक अख्खा तास शिकवता आला असता. प्रत्यक्षात जुना पाईप ह्यांच्या पेपरवर ठेवला आणि मिस्त्रींनी सांगितलं तेवढंच सांगितलं. हे चीर बघत राहिले. मग पाईप उचलून खिडकीत ठेवला, नि चहा मात्र स्वतः केला.

दुसऱ्या दिवशी गंगापूरला निघाले, तर हे शेजारी येऊन बसले. वाळूज गेलं, गाडी सुरेख पळाली, वास नाही. आई दारातच होती. "जयभीम, जावई! आज वाट चुकले की काय?"

"जयभीम, आत्याबाई, आलोच," म्हणत हे खाली वाकले आणि चारही चाकांना हात लावून आले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "सारखीच आहेत."

परत निघताना भाकरीचा डबा मांडीवर घेऊन हे पुन्हा शेजारी बसले. गाडी सुरू केली आणि सवयीनं माझा हात परत एकदा हँडब्रेककडे गेला. ह्यांनी त्यावर हात ठेवला.

"खाली आहे," म्हणाले. "येताना बघत होतो मी. तू विसरत नाहीस."

मी हात काढून स्टिअरिंगवर ठेवला आणि गाडी रस्त्याला लावली.