निसर्गराणीच्या मुकुटाचं सोनं

पॅरिसमधल्या आमच्या चितारी गल्लीत पोथीवर सोन्याचा वर्ख लावावा तो तेव्हनँनेच. माणूस मुलखाचा तिरसट. वर्ख लावताना बायकोलाही जवळ फिरकू देत नसे. मी शेजारीण, त्याला कातडी पानं पुरवणारी; मलाही त्याने कितीदा हाकललं होतं.

त्या हिवाळ्यात त्याच्या छातीतला दम गेला. वर्ख चिकटायला आधी पानावरच्या गोंदाच्या लेपावर बोरूच्या नळीतून उबदार फुंकर घालावी लागते, लेपाने ओल धरली की लगेच वर्ख ठेवायचा. आणि तेव्हनँला तर बोलतानाही धाप लागे. त्याला काम देणाऱ्या पुस्तकवाल्या आन्सोच्या कानावर हे गेलं आणि तो स्वतःच येऊन उभा राहिला.

"माझ्यासमोर लाव. नाही चिकटला, तर उरलेली पानं पुलापलीकडच्या चिताऱ्यांना देतो."

हे काम गेलं तर हा माणूस हाय खाऊन मरेल, हे त्याच्या बायकोला, पेरोनेलला, ठाऊक होतं. मलाही.

त्या पानावरचं चित्र पेरोनेलनेच रंगवलं होतं. पोथीतल्या काव्यात अभिलाष नावाचा प्रियकर आपल्या प्रियेसाठी कला नावाच्या कारागिरणीकडून एक पक्षी घडवून घेतो. पक्षी हुबेहूब, पण गात नाही. म्हणून कला निसर्गराणीपुढे गुडघे टेकून पक्ष्यासाठी प्राण मागते. राणीचा मुकुट तेवढा कोरा होता.

तेव्हनँने फुंकर घातली, वर्ख ठेवला. तो सुटून आला. आन्सोने घसा खाकरला.

"पान हलतंय," पेरोनेल म्हणाली. "मी धरते."

"लांब हो!"

"अहो, धरू द्या ना!"

तो पुन्हा नळीत फुंकू लागला. ती पानावर वाकली. मी खिडकीपाशी होते, म्हणून मला दिसलं: तिचे ओठ उघडले होते, तिचाच उबदार श्वास लेपावर पडत होता. आन्सोने पाहिलं असतं तर सगळंच संपलं असतं.

वर्ख बसला. तेव्हनँने कुत्र्याच्या सुळ्याची घोटणी फिरवून तो चमकवला. मुकुट लखलखला.

"घ्या," तो म्हणाला. "न्यायचंय का अजून पुलापलीकडे?"

आन्सो हसला आणि नवी पानं ठेवून गेला. मला रडूच फुटलं. पेरोनेल मात्र कुंचले धुवायला वळली.

तेव्हनँ बराच वेळ धापा टाकत बसला. मग त्याने एक नवं पान पुढे ओढलं, तळव्याने घट्ट दाबून धरलं आणि बाकावर थोडा सरकला.

"पान हलतंय गं," तो म्हणाला. "ये, धर."