पेला उष्टा झाला नाही

डॉक्टरबाईंनी मला डोळे झाकायला सांगितलं आणि हाताला सुई टोचली. "कुठं टोचलं?" मी म्हणालो, "अजून टोचलंच न्हाई की!" डोळे उघडले तर मनगटावर रक्ताचा थेंब होता.

त्या म्हणाल्या, "ही लेप्रसी आहे, रामभाऊ." लेप्रसी म्हणजे आपण ज्याला महारोग म्हणतो तो.

मी आखाडा बाळापूरचा कलईवाला. तापल्या भांड्यात कथील फिरवताना बोटं भाजेनाशी झाली, तेव्हा माझा हात पक्का झाला असं मी बाजारभर मिरवत होतो. त्या काळी निजामाचं राज्य होतं, आणि आमच्याकडे असल्या रोगावर एकच औषध होतं, गावाबाहेर झोपडी. सरू, माझी बायको, आधीच मला पाणी वरून ओतून देऊ लागली होती. तिला बोल लावू नका, घरात लेकरं होती.

मी हिंगोलीला मिशनच्या दवाखान्यात राहिलो. दर आठवड्याला चौलमुग्राचं, म्हणजे कडूकवठीच्या तेलाचं, इंजेक्शन. तेल घट्ट, सुई जाड. ती टोचली की भलेभले आईला हाका मारायचे. मी तर आजीलाही मारल्या.

डॉक्टरबाई नगरकडच्या. पट्ट्या, दूध, कपडे, कशाचाही पैसा घेत नसत. संध्याकाळी मिशनचे उपदेशक येशूदास मास्तर शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, वाचायचे. ते शिरड शहापूरचे, बोली आमचीच. प्रभू येशूनं कुष्ठ्याला हात लावला, हे ऐकून मी एकदा फटकन बोललो, "तवाचं सोडा मास्तर, आताचं सांगा. माझं उष्टं कोन खाईल?" ते नुसते हसले. मला त्या हसण्याचा राग आला.

तरी पुढे मी बाप्तिस्मा घेतला. त्या माणसांनी माझ्या जखमा धुतल्या होत्या, त्यांच्या देवाला नाही म्हणवेना. पण मनातला काटा तसाच होता.

मग स्मिअर झाला. स्मिअर म्हणजे कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काढलेला रस काचेवर तपासणं. तो निगेटिव्ह आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्यापासून आता कुणाला धोका नाही. घरी जा." मी गेलो नाही. पोटदुखीची, चक्कर येण्याची सोंगं केली. घरात पुन्हा तो वरून ओतलेला पाण्याचा लोटा मला सोसणार नव्हता.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा विधी. आम्ही रोगी पडवीत, बाकी मंडळी आत. मनुका भिजवून काढलेला द्राक्षारस एकाच पितळी पेल्यातून सगळ्यांना द्यायचा होता, आणि आम्ही शेवटी. आम्ही प्यालो की तो पेला राखेनं घासून पुन्हा कलई करावी लागणार, हे मी धरूनच चाललो होतो. म्हणून भाता, कथील, नवसागर, सगळं सामान पायाशी मांडून बसलो होतो.

मी सगळ्यात शेवटी प्यालो. पेल्यात दोन घोट उरले होते. मास्तरांनी पेला माझ्या हातातून घेतला, माझे ओठ लागले होते तिथेच तोंड लावलं आणि तळ दिसेपर्यंत प्याले.

मी ओरडलोच, "मास्तर, काहून असं केलं?"

"उरलेलं सांडायचं न्हाई, पिऊन टाकायचं, आमची रीतच हाये ती," ते म्हणाले. "अन् हे सामान कशाला मांडून राहिले? कलई चांगली हाये की."

त्याच आठवड्यात मी घरी गेलो. म्हणून सांगतो, अंगावरचा चट्टा बधिर लागला तर लपवू नका, लवकर दाखवा. माझी दोन बोटं वाकडीच राहिली, ती उशिराची किंमत. आणि घरच्यांना वेळ द्या. सरूनं बरेच दिवस पाणी वरूनच ओतलं. मी रोज तिच्यासमोर बसून जेवत राहिलो.

दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी तिनं माझ्या ताटातला ठेचा बोटानं उचलून जिभेवर ठेवला. म्हणाली, "मीठ कमी पडलं व्हय? सांगायचं न्हाई का?"

मी देवाचे आभार मानले. मी तिथेच, घास हातात धरून, खुशाल रडलो.