चुंबकापासून हातभर लांब

मी दमलेली बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. कामाची हौस वगैरे मला कधीच नव्हती.

अंधेरीला एमआयडीसीत आमची लॅब. औषध घेतलेल्या माणसांच्या रक्तात ते औषध किती उरलं, हे मोजायचं. मोजण्याआधी नमुने सुकवतात. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिला शहाण्णव बारीक खळगे, प्रत्येकाच्या तळाला एकेक नमुना सुकून चिकटलेला. पेजेचा टोप न धुता ठेवला की तळाला खपली धरते ना, तसा. ती खपली थेंबभर द्रावणात पुन्हा विरघळवायची, हे माझं काम. टोप निदान घासता तरी येतो. इथे प्लेट नुसती हलवून भागत नाही, खळगे इतके अरुंद की आतलं पाणी जागचं हलत नाही. मग पिपेटने, म्हणजे अंगठ्याने दाबायच्या नळीने, ओढायचं, सोडायचं, परत ओढायचं. वर्षानुवर्षं तेच. अंगठा कामातून गेला, मग खांदा, मग मान. वाकोल्याला घरी पोचेपर्यंत वरच्या फळीवरचा डबा काढायचंही त्राण उरत नसे.

मग चुंबकाचं यंत्र आलं. प्रत्येक खळग्यात मोहरीएवढी पोलादी गोळी टाकायची आणि प्लेट यंत्रावर ठेवायची. खालची चुंबकं फिरली की गोळ्या तळाला घासत गरगर फिरतात, खपली सुटते, काम झकास. शेवटी वरून चुंबकाचं झाकण ठेवून गोळ्या उचलून घ्यायच्या. ‘‘मॅडम, तुमच्या अंगठ्यासाठीच मागवलंय,’’ सर म्हणाले. वयाने माझ्याहून लहान, पण माणूस मनाने बरा.

आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या छातीत पेसमेकर बसला होता. लॅबमध्ये मी पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. आमचा करार दर वर्षी नवा होतो. हृदयाचं दुखणं असलेल्या पन्नाशीच्या बाईला कोण ठेवून घेणार? डॉक्टरांनी बजावलं होतं, जोरदार चुंबकापासून छाती हातभर लांब ठेवा. मी मान डोलावली आणि रजा संपवून कामावर गेले तर समोर हे यंत्र. म्हटलं, लागली वाट.

माझ्या टेबलावर एक तरुण मुलगी काम करायची. तिला रोज म्हणायचे, ‘‘तू ठेव ना गं प्लेट, माझी मान धरलीये.’’ आधी ती गपगुमान ठेवायची. मग तोंड पाडून. शेवटी एकदा म्हणाली, ‘‘मॅडम, मान तुमची धरते आणि कंबर माझी मोडते.’’ मला भयंकर राग आला, कारण तिचं काहीच चुकत नव्हतं.

ते सरांच्या कानावर गेलं. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘उद्यापासून यंत्र तुम्ही चालवायचं, मॅडम. मशीनला घाबरून कसं चालेल?’’ मी आणि घाबरट! रात्रभर मनात धुमसत राहिले. नवरा म्हणाला, ‘‘अगं, सांगून टाक ना एकदाचं.’’ त्यालाही ओरडले.

दुसऱ्या दिवशी तावातावाने प्लेट उचलली, हात लांब करून यंत्रावर ठेवली, बटण दाबलं. मला काही झालं नाही. मग कोपऱ्यातल्या एका खळग्यातली गोळी फिरेना. इतक्या वर्षांची खोड, डोळे जवळ न्यायचे. वाकले. आणि छातीतले ठोके बदलले. एका ठरावीक चालीने पडायला लागले, जसे काही माझे नव्हेतच. झटकन मागे सरले आणि स्टुलावर बसले. ठोके लगेच पूर्वीसारखे झाले. मुलगी धावत आली. तिला सांगितलं. मग सरांना सांगितलं.

कुणी काढलं नाही मला. सर हळूच म्हणाले, ‘‘आधी सांगायचं ना, मॅडम.’’ दुसऱ्याच दिवशी मला बाहेरच्या टेबलावर बसवलं, नमुने येतात तिथे. पगार तोच. बर्फाचे डबे येतात, मी कॉम्प्युटरवर नंबर टाकते आणि डबे आत पाठवते. मुलगी स्वतःहून चहा आणून देते. ‘‘आता आराम करा,’’ असं जो तो म्हणतो. नवरा म्हणतो, नशीब काढलंस.

अंगठा दुखायचा थांबलाय. तरी संध्याकाळी बसस्टॉपवर उभी राहते तेव्हा पूर्वीपेक्षा जास्त दमलेली असते. जे काम जाऊ नये म्हणून एवढं लपवलं, ते गेलंच. तेही इतक्या मायेने, की भांडायलाही कुणी समोर नाही.

मागच्या आठवड्यात सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, ‘‘मला पिपेटवर परत बसवा. मी हाताने विरघळवते, पूर्वीसारखं.’’

सर हसले असते तर बरं झालं असतं. ‘‘मॅडम, हाताने आता कोण करतं?’’ म्हणाले, आणि उठून मला बसायला खुर्ची ओढून दिली.