पाणी घालू नये

भांडगावला आमच्या पुढच्या खोलीला एकच खिडकी. कुरकुंभच्या कारखान्यातल्या रात्रपाळीनंतर नवरा आतल्या खोलीत झोपायचा, उजेड नको म्हणून तीही दिवसभर बंद. तेव्हा मी मुद्दाम अंधारात तग धरणारं झाड आणलं. तलवारीसारखी उभी पानं, कडेला पिवळी किनार. माझ्या कामांच्या यादीत त्याच्यासाठी दोनच ओळी होत्या: पानं ओल्या फडक्यानं पुसणे, माती कोरडीठाक लागली तरच पाणी. नोकरी दौंडला, घरचं सगळं माझ्याकडे. मला परवडेल असं, फक्त माझं म्हणावं असं त्या घरात हे एवढंच होतं.

पण आमच्याकडे टँकरचं पाणी. आल्यागेल्याला तांब्या द्यायचा आणि उरलेलं पाणी फेकायचं नाही, झाडाला घालायचं. तुळस अंगणात, उन्हात. तिथवर जाणार कोण? कुंडी दाराशीच. दूधवाला, शेजारीण, सोसायटीचे आप्पा, जो तो उठताना तांब्या तिच्यात रिता करायचा. मी पुठ्ठ्यावर ठळक लिहून खोचलं: पाणी घालू नये. आप्पांनी ते मोठ्यानं वाचलं आणि ओतलंच.

"घोटभर तर हाय. मुक्या जिवाला न्हाई म्हनू न्हाई."

पानं बुडाशी मऊ पडू लागली. सासूबाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, "पानी कमी पडतंय." आणि त्यांनीही घातलं.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी दौंडहून वडापच्या जीपमध्ये कोंबून आले. दोन्ही हातांत पिशव्या, घशाला कोरड. पुढच्या खोलीत सासूबाई आणि धाकटे दीर. एकानंही पिशवी घेतली नाही. दीर वरून पाणी प्यायले, उठले आणि उरलेला अर्धा तांब्या त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर कुंडीत ओतला.

"भाऊजी, ते मला द्यायचं!"

"वयनी, झाडाशी भांडता व्हय?" ते हसले.

सासूबाईही हसल्या. "तिला काय लागतंय? घेती की तिच्या हातानं."

ही त्यांची शाबासकी. पाहुण्यांतही असंच सांगायच्या, आमच्या सुनंचं काय बघावं लागत न्हाई.

मी पिशव्या टाकल्या आणि कुंडी फरशीवर उपडी केली. चिखल, काळी पडलेली मुळं, नाकात जाणारा कुजका वास.

"बघा, तुमच्या पुण्यानं मेलं!"

आत नवरा झोपलेला. त्या घरात त्या वेळी आवाज चढवायचा नसे. मी चढवला. फरशी भाऊजी पुसतील, हेही सांगितलं. एक पान टणक होतं. तेवढं उचललं. पुढे ते ऑफिसातल्या कपाटावर रुजलं. घरी परत आणलं नाही.

त्या दुपारी ते हातात धरूनच खुर्चीत बसले. "पाणी," म्हटलं.

कुणी हलेना. मीही हलले नाही. अखेर सासूबाई उठल्या आणि तांब्या माझ्यापुढे आदळला. मी तो पिऊन रिकामा केला, मगच खाली ठेवला.